नवखा क्वार्टरबॅक सामना हरला की सोमवारपासून कोच नक्की काय करतो?

सौ_यार्ड:

नमस्कार मंडळी. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, बघणाऱ्यांसाठी एक प्रश्न. रुकी (पहिल्याच वर्षीचा) क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, हरला की टीव्हीवर दोनच गोष्टी दिसतात. सामना संपताना कोचने त्याच्या खांद्यावर टाकलेला हात, आणि थोड्या वेळाने पत्रकार परिषदेतलं "आम्ही सगळेच कमी पडलो" हे ठरलेलं वाक्य. पुढच्या रविवारी तोच मुलगा कधी सुधारून येतो, कधी आणखी बावरलेला दिसतो. मधल्या सहा दिवसांत काय घडतं ते कुणी नीट सांगत नाही.

विचारायचंय ते असं. सामन्याची फिल्म त्याला एकट्याला दाखवतात की सगळ्यांसमोर? त्याच्याशी बोलतो कोण: हेड कोच, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डावपेच ठरवणारा) की क्वार्टरबॅक कोच? पुढच्या सामन्यासाठी प्ले (आधी आखलेल्या चाली) खरंच कमी करतात का, आणि करत असतील तर कुठले? बाकावर बसवायचं कधी?

२०२३ चा ब्राइस यंग आणि २०२४ चा केलेब विल्यम्स डोळ्यांसमोर आहेत. दोघंही आपापल्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडलेले, आणि दोघांचेही हेड कोच हंगाम संपायच्या आत घरी गेले. "धीर देतात, आत्मविश्वास वाढवतात" असली उत्तरं नकोत, ती समालोचक देतातच.

तिसरा_डाऊन:

चांगला धागा. रविवारी रात्रीपासून सुरुवात करतो.

त्या रात्री मुलाशी खेळाबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत. लॉकर रूममध्ये हेड कोच संघाशी दोन-तीन मिनिटं बोलतो, क्वार्टरबॅकला वेगळं गाठून एखादं वाक्य, बस. फिल्म न बघता केलेलं निदान बऱ्याचदा चुकतं. मैदानाच्या कडेवरून कोचला जे इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेला पास) "मुलाने डोळे मिटून फेकलं" असं वाटतं, ते फिल्मवर रिसीव्हर (पास झेलणारा) दोन यार्ड आधीच वळल्यामुळे झालेलं निघतं. रात्री तावातावाने बोलून ठेवलं की सोमवारी शब्द गिळावे लागतात, आणि नवख्यासमोर कोचचा शब्द एकदा फिरला की पुढे तो प्रत्येक सूचना पारखून घेऊ लागतो.

कोच मंडळी त्याच रात्री किंवा सोमवारी पहाटे फिल्म बघतात. ही टीव्हीवरची नव्हे, बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारी: एक कॅमेरा बाजूच्या उंचीवरून, एक एंड झोनच्या मागून. क्वार्टरबॅकसाठी मागचा कॅमेरा जास्त कामाचा, कारण त्याला स्नॅपनंतर (चेंडू मागे हातात आल्यावर) जे दिसलं त्याच्या सगळ्यांत जवळचं चित्र त्यात मिळतं.

एका सामन्यात ऑफेन्सचे (आक्रमणाचे) साधारण ६० ते ७० प्ले होतात, त्यात पासचे ३०-४०. प्रत्येकाला खुणा पडतात. स्नॅपआधीची ओळख बरोबर होती का, निर्णय बरोबर होता का, पावलं, वेळ, अचूकता. ही खाती वेगळी ठेवणं हाच सगळ्यात मोठा भाग. निर्णय बरोबर आणि फेक चुकली, तर दुरुस्ती पावलांची. फेक सुंदर पण निर्णय चुकला, तर दुरुस्ती डोळ्यांची. आणि निर्णय चुकूनही पास पूर्ण झाला, तर त्याला उणे मिळायलाच हवं, टाळ्या कितीही पडल्या असल्या तरी. हे तिसरं खातं आळशी कोच भरत नाही. तीच फेक तीन आठवड्यांनी उलटी परत येते.

एक प्ले सावकाश उलगडून दाखवतो. तिसरा डाऊन (१० यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून ७ यार्ड हवे आहेत. बाहेरचा रिसीव्हर १२ ते १४ यार्ड सरळ पळून आत वळणार, याला डिग म्हणतात. टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही) त्याच्या खालून ५ यार्डांवर आडवा जाणार. स्नॅपआधी दोन्ही सेफ्टी (बचावफळीतले सर्वांत मागचे खेळाडू) खोल, एकमेकांपासून लांब उभे. मुलगा वाचतो: कव्हर टू, म्हणजे मधली जागा मोकळी, डिग मिळणार. स्नॅप होताच एक सेफ्टी मागे मध्यभागी पळतो आणि दुसरा पुढे येऊन १० यार्डांवर थांबतो, नेमका डिगच्या वाटेवर. मुलाची नजर पहिल्या पावलापासून रिसीव्हरला चिकटलेली, त्यामुळे पुढे आलेला सेफ्टी त्याला दिसतच नाही. चेंडू थेट त्याच्या छातीवर.

सोमवारी क्वार्टरबॅक कोच ही फिल्म स्नॅपनंतरच्या दुसऱ्या पावलावर थांबवतो. चेंडू पकडला गेला ती फ्रेम बघून शिकण्यासारखं काही नसतं. "इथे तुला काय दिसत होतं?" एवढाच प्रश्न. "का फेकलास?" विचारलं की मुलगा सबब शोधतो, "काय दिसलं?" विचारलं की खरं सांगतो. उत्तर "दोन सेफ्टी" असं आलं तर कळतं की स्नॅपआधीचं चित्र डोक्यात पक्कं धरून तो खेळला, नंतर बघितलंच नाही. उत्तर "सेफ्टी खाली आलेला दिसला, पण वाटलं चेंडू त्याच्या आधी पोचेल" असं आलं, तर आजार निराळा: कॉलेजात हाताच्या जोरावर जे खपलं ते इथे खपत नाही, हे अजून अंगात मुरलेलं नाही. बाहेरून दोन्ही इंटरसेप्शनं सारखीच दिसतात.

पहिल्या आजारावर बुधवारी साधा सराव. स्काउट टीमचे (सरावात प्रतिस्पर्धी बनणाऱ्या राखीवांचे) दोन सेफ्टी उभे करायचे, स्नॅपवर ते मनाला येईल तसे फिरणार. क्वार्टरबॅकने ड्रॉप घ्यायचा (फेकण्यासाठी मागे सरकायचं) आणि तिसरं पाऊल पडायच्या आत "एक" किंवा "दोन" असं मोठ्याने ओरडायचं, मागे किती उरले ते. दहा वेळा नुसतं ओरडणं, चेंडू फेकायचाच नाही. मग दहा वेळा फेकीसह. आधीच फेकायला दिलं तर लक्ष पुन्हा रिसीव्हरकडे जातं आणि सराव वाया.

फिल्म एकट्याला की सगळ्यांसमोर, तर दोन्ही. आधी क्वार्टरबॅकच्या खोलीत: तो, राखीव क्वार्टरबॅक, क्वार्टरबॅक कोच, बहुतेक वेळा कोऑर्डिनेटरही. मग पूर्ण ऑफेन्सबरोबर. क्रम उलटा झाला तर मोठ्या पडद्यावर ती चूक तो पहिल्यांदाच बघतो, मागे चाळीस डोळे. सगळ्यांच्या बैठकीत त्याच्या चुका गाळायच्या मात्र नाहीत. लाइनमनच्या (पुढे उभं राहून अडवणाऱ्यांच्या) चुका दाखवल्या आणि क्वार्टरबॅकच्या गाळल्या, की दहा वर्षं खेळलेला टॅकल काय समजायचं ते समजतो. प्रमाण साधारण असं ठेवतात: त्याची एक चूक, त्याचा एक चांगला निर्णय जो धावफलकावर दिसला नाही, आणि एखादा प्ले जिथे त्याने बरोबर केलं पण दुसरा कुणी चुकला. तो तिसरा त्या दुसऱ्याला आधी खासगीत सांगून मगच लावतात.

मंगळवार बहुतेक संघांत खेळाडूंना सुट्टी. नवखे क्वार्टरबॅक तरी येतातच. त्या दिवशी मागचा सामना उघडायचा नाही, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचीच फिल्म. सोमवारची फिल्म बुधवारपर्यंत रेंगाळली तर समजावं की त्या खोलीत कुणाच्या हातात सूत्रं नाहीत.

पंटर_दादरचा:

वरच्याला +१. पत्रकार परिषदेचं मी सांगतो, कारण ती लोकांना वाटते तितकी फालतू गोष्ट नाही.

क्वार्टरबॅकला सामन्यानंतर बोलावं लागतं आणि मधल्या आठवड्यातही एकदा, बहुधा बुधवारी. त्याचं बोलणं लॉकर रूममधले बाकीचे पन्नास जण ऐकतात. खरा श्रोता तोच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जेट्स पेट्रियट्सकडून १०-३ हरले. दुसऱ्या अर्धात जेट्सच्या ऑफेन्सने सगळे मिळून २ यार्ड केले होते. बचावफळीने पूर्ण सामन्यात टचडाऊन दिलं नाही, पेट्रियट्सचं एकमेव टचडाऊन शेवटच्या काही सेकंदांत पंट (लाथेने दूर मारलेला चेंडू) परतवून झालं. झॅक विल्सनला विचारलं, ऑफेन्समुळे बचावफळीचा घात झाला असं वाटतं का? तो "नाही" म्हणाला. एक शब्द. पुढच्या सामन्यात माइक व्हाइट खेळला. विल्सनचं ते दुसरं वर्ष होतं, पण धडा नवख्यांना तंतोतंत लागू आहे. बसवण्याची कारणं खेळातही होतीच, तरी त्या एका शब्दाने कोच रॉबर्ट सालेहना त्याला पाठीशी घालणं अवघड करून ठेवलं.

म्हणून मायक्रोफोनसमोर जाण्याआधी संघाचा माध्यम अधिकारी किंवा कोच त्याला दोन मिनिटं बाजूला घेतो. काय विचारतील, त्यातलं सापळ्याचं कुठलं. लाइनबद्दल विचारलं तर लाइनचं नावही घ्यायचं नाही. स्वतःची एक चूक नेमकी सांगायची, "तिसऱ्या क्वार्टरमधला तो पास उशिरा सुटला" अशी. "सगळी चूक माझीच" हे वाक्यही टाळायचं. ऐकायला गोड, पण खोटं असतं, आणि सहकाऱ्यांना ते कळतं.

हेड कोचच्या बाजूचं पथ्य: "तोच आमचा क्वार्टरबॅक" म्हणायचं असेल तर न अडखळता म्हणायचं, नाहीतर "या आठवड्याचा निर्णय बुधवारी" म्हणून गप्प बसायचं. "सध्या तरी तोच आहे" यातलं "सध्या तरी" दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून येतं.

ब्लिट्झ_बाबूराव:

फिल्म, माइक सगळं ठीक. पण माझ्या मते नवख्याचं भलं-बुरं ठरतं ते गुरुवार-शुक्रवारी कोऑर्डिनेटरच्या टेबलावर. धागाकर्त्याने प्लेंचं विचारलंय म्हणून तेच लिहितो.

आधी सॅक मोजा, म्हणजे पास फेकायच्या आत क्वार्टरबॅक किती वेळा पाडला गेला ते. डेव्हिड कार, २००२, टेक्सन्सचं पहिलंच वर्ष: ७६ सॅक, एका हंगामातला विक्रम. ब्राइस यंग, २०२३: ६२. केलेब विल्यम्स, २०२४: ६८, त्यातले ९ एकट्या पेट्रियट्सविरुद्धच्या १९-३ पराभवात. त्यानंतर दोन दिवसांत कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रनना काढलं. पण सॅकचेही हिस्से असतात. लाइनमन हरला, रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्याने) ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा खेळाडूंचा हल्ला) उचलला नाही, रिसीव्हर सुटलेच नाहीत, किंवा मुलगाच चेंडू धरून बसला. अडीच सेकंदांच्या आत झालेला सॅक सहसा रक्षणाचा, साडेतीनच्या पुढचा सहसा क्वार्टरबॅकचा. मधले भांडणाचे. हा हिशेब न करता "लाइन वाईट" किंवा "पोरगा घाबरट" म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. विल्यम्सच्या ६८ मध्ये दोन्ही होतं.

आता कॉल शीट, म्हणजे सामन्यात वापरायच्या प्लेंची यादी. नेहमीच्या सामन्याला शंभराहून जास्त प्ले कागदावर असतात. नवख्यासाठी कमी करताना संकल्पना कमी करायच्या, सजावट नाही. म्हणजे पासच्या पाच-सहा रचना ठेवायच्या आणि त्याच वेगवेगळ्या फॉर्मेशनमधून, मोशन देऊन दाखवायच्या. बचावाला वीस वाटतात, मुलाला पाचच वाचायच्या असतात. प्लेच काढून टाकले तर दुसऱ्या अर्धापर्यंत समोरचा कोऑर्डिनेटर पाठ करून बसतो.

काय ठेवायचं? तीन पावलांचे झटपट पास. प्ले-ॲक्शन, म्हणजे धावेची हूल देऊन पास. स्क्रीन, म्हणजे अडवणाऱ्यांच्या आड दिलेला छोटा पास. बूटलेग, म्हणजे धावण्याची हूल देऊन क्वार्टरबॅक बाजूला पळतो, अर्धंच मैदान वाचतो. दोन पर्याय, नाहीतर चेंडू बाहेर. प्रत्येकाचं औषध समोरच्याकडे असतं हेही लक्षात घ्या. धावण्याच्या खेळाला कुणी घाबरत नसेल तर बूटलेगला डिफेन्सिव्ह एंड फसत नाही, वळल्या वळल्या मुलाच्या तोंडासमोर तोच उभा. स्क्रीन सामन्यात सहाच्या वर गेले की लाइनबॅकर वाट बघत थांबतात.

रक्षणात घबराटीचा एक ठरलेला उपाय असतो, टाइट एंड आणि रनिंग बॅक दोघांनाही अडवायला ठेवायचं. अडवणारे ७ झाले, पण धावणारे रिसीव्हर ३ उरले. समोरच्याने चारच जण सोडले तर ७ जण मिळून ३ जणांना कव्हर करतात. मुलाला वेळ भरपूर, फेकायला कुणी नाही, शेवटी चार सेकंदांनी सॅक. म्हणून ७ जणांचं रक्षण पहिल्या डाऊनला प्ले-ॲक्शनबरोबर वापरावं. तिसऱ्या डाऊनला १० यार्ड हवे असताना ते निरुपयोगी.

आणि मूळ इलाज तिसऱ्या डाऊनपर्यंत लांबचं अंतर येऊच न देणं हा. तिसरा डाऊन आणि ३ असेल तर समोरच्याला धाव, झटपट पास, क्वार्टरबॅकची स्वतःची धाव, सगळ्याचा विचार करावा लागतो. ९ असतील तर तो फक्त पासची तयारी करतो आणि कव्हरेजची सगळी सोंगं तिथे काढतो. हरलेल्या सामन्यातले ८ यार्डांच्या पुढचे तिसरे डाऊन मोजा, आणि ते कुठून आले बघा: पहिल्या डाऊनचा सॅक, होल्डिंगचा दंड, की शून्य यार्डांची धाव. मुलाचं निम्मं अपयश तिथे सापडतं.

उदाहरण २०२४ चंच. जेडन डॅनियल्स पहिला सामना टँपा बेशी ३७-२० हरला, स्वतः १६ वेळा धावून ८८ यार्ड केले. नवख्या क्वार्टरबॅकसाठी इतक्या धावा म्हणजे दुखापतीला आमंत्रण. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टन जायंट्सविरुद्ध २१-१८ जिंकलं, एकही टचडाऊन न करता, सात फील्ड गोलांवर. डॅनियल्सचे २९ पैकी २३ पास पूर्ण. बघायला कंटाळवाणा सामना, कोचच्या दृष्टीने उत्तम. वॉशिंग्टनने तो हंगाम १२-५ (विजय-पराभव) असा संपवला.

आठवड्याची मांडणी साधारण अशी: बुधवारी पहिला-दुसरा डाऊन, गुरुवारी तिसरा डाऊन आणि ब्लिट्झ, शुक्रवारी शेवटचे २० यार्ड, शनिवारी चालत उजळणी. शनिवारी संध्याकाळी हॉटेलात कोऑर्डिनेटर कॉल शीट मुलासमोर ठेवतो आणि म्हणतो, आवडत्यांवर खूण कर, नकोत ते खोड. खोडलेला प्ले कोचचा कितीही लाडका असो, उद्या बोलवायचा नाही. सामन्याचे पहिले १५ प्ले आधी लिहून ठेवायची पद्धत फोर्टीनाइनर्सच्या बिल वॉल्शनी रुळवली. नवख्याला तिचा फायदा सर्वांत जास्त, कारण पहिली दहा मिनिटं त्याला पुढे काय येणार ते माहीत असतं.

एक बारीक गोष्ट, जी हरणाऱ्या संघांत हमखास बिघडते. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ प्ले-क्लॉकवर १५ सेकंद उरले की आपोआप बंद होतो. घड्याळ ४० चं. कोऑर्डिनेटरने घड्याळावर ३० सेकंद उरेपर्यंत प्ले पोचवला नाही तर हडल (प्लेआधीचा खेळाडूंचा घोळका) उशिरा मोडतं, लाइनवर यायला ७-८ सेकंद उरतात, आणि मुलाला सेफ्टीकडे बघायला वेळच मिळत नाही. मग आपण म्हणतो, वाचता येत नाही त्याला! लांबलचक नावाचे प्ले असतील तर मनगटाच्या पट्टीवर आकडे छापून द्यावेत आणि रेडिओवर फक्त आकडा सांगावा. उरलेल्या सेकंदांत एकच आठवण: "ब्लिट्झ आला तर डावीकडे." भाषण नको.

सौ_यार्ड:

बाबूराव, घड्याळाचं डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी त्याच नजरेने बघेन. आता शेवटचा प्रश्न राहिला. बसवायचं कधी? पेटन मॅनिंगला २८ इंटरसेप्शनांनंतरही खेळवलं, हा दाखला सगळे देतात.

जुना_कोल्ट:

देतात, कारण दाखला दणकट आहे. १९९८, कोल्ट्स ३-१३, मॅनिंग सगळे सोळा सामने खेळला, २८ इंटरसेप्शनं हा रुकीचा विक्रम आजही कायम. कोच जिम मोरा यांनी त्याला काढलं नाही, पुढच्या वर्षी संघ १३-३. ट्रॉय एकमन त्याच्याही आधीचा. १९८९ मध्ये सुरुवात केलेले अकराच्या अकरा सामने हरला, काउबॉइज १-१५, तो एक विजयही दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या नावावर. जिमी जॉन्सन यांनी विश्वास ठेवला, पुढे एकमनने तीन सुपर बोल जिंकले.

मॅनिंगला खेळवत ठेवण्याचं कारण निव्वळ धीर नव्हतं. त्याने २६ टचडाऊन पासही दिले होते. चेंडू कुठे जायला हवा ते त्याला कळत होतं, वेग आणि खिडकीचा अंदाज चुकत होता. अशा मुलाला मैदानावरच शिकू द्यावं.

तिसरा_डाऊन:

इथे थोडी असहमती. मॅनिंग आणि एकमन आठवतात कारण ते तरले. तसंच खेळवत ठेवलेले आणि बुडालेले कितीतरी, त्यांचे दाखले कुणी देत नाही. ७६ सॅक खाल्लेल्या कारलाही पूर्ण हंगाम खेळवलंच होतं. तो पुढे बरीच वर्षं लीगमध्ये टिकला, पण पहिल्या क्रमांकाकडून जी अपेक्षा असते ती कधी पुरी झाली नाही.

माझी कसोटी सरळ आहे: चुका बदलतायत का? पहिल्या आठवड्यात सेफ्टी दिसला नाही, चौथ्यात दिसला पण फेक उशिरा झाली, सातव्यात वेळेवर गेली पण जरा उंच. ही प्रगती आहे, हरत असला तरी ठेवा. तीच चूक चौथ्यांदा, आणि वर नवी लक्षणं दिसू लागली, म्हणजे दबाव नसतानाच पॉकेट (अडवणाऱ्यांच्या आतली जागा) सोडून पळणं, पहिला पर्याय मोकळा असून न फेकणं, नजर मैदानावरून उतरून समोरच्या लाइनमनवर जाणं, तर दोन-चार आठवडे बसवावं. नजर उतरणं सगळ्यांत वाईट. मार खाऊन लागलेली ती सवय खेळत राहून सुटत नाही.

ब्राइस यंगचं दोन्ही बाजूंनी बघा. २०२३ मध्ये प्ले बोलवण्याचं काम फ्रँक राइखकडून थॉमस ब्राउनकडे गेलं, परत राइखकडे आलं, आणि राइखना १-१० वर काढल्यावर पुन्हा ब्राउनकडे. एका नवख्याच्या कानात एका हंगामात इतक्यांदा आवाज बदलला. २०२४ ला नवे कोच डेव्ह कनालिस आले. पहिले दोन सामने ४७-१० आणि २६-३ असे हरल्यावर त्यांनी यंगला बसवून अँडी डाल्टनला खेळवलं. सगळ्यांनी यंगचा विषय संपला असं लिहून टाकलं. मग डाल्टनच्या अंगठ्याला कार अपघातात दुखापत झाली, आठव्या आठवड्यात यंग परतला, आणि हंगामाच्या उत्तरार्धात स्पष्टपणे सुधारलेला दिसला. बसवण्यामुळेच सुधारला असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये, पण बसवल्याने मोडला नाही हे तर दिसलंच.

पंटर_दादरचा:

आणि बसवण्याची उलटी बाजू, म्हणजे नवख्याला घाईने उतरवणं. २०१७, बफेलो ५-४ वर होते, प्लेऑफच्या शर्यतीत. शॉन मॅकडरमट यांनी टायरॉड टेलरला बसवून नेथन पीटरमनला चार्जर्सविरुद्ध खेळवलं. पहिल्या अर्धातच पाच इंटरसेप्शनं, त्यातलं पहिलं तर स्वतःच्याच फुलबॅकच्या हातांवरून उडालेलं. मध्यंतरानंतर टेलर, पुढच्या आठवड्यातही टेलर, आणि बिल्स त्या वर्षी प्लेऑफला गेले. कोचने चूक लगेच निस्तरली हे बरं केलं. पीटरमनच्या नावाला मात्र तो अर्धा सामना कायमचा चिकटला.

बसवताना पाळायच्या दोन गोष्टी. मुलाला हेड कोचने स्वतः, समोर बसवून सांगायचं, संघाला आणि पत्रकारांना नंतर. त्याने फोनवर वाचलं तर संपलंच. आणि बसवलेल्या काळात त्याचं काम लिहून द्यायचं: स्काउट टीम चालवताना रोज स्वतःच्या संघाचे निदान काही प्ले, सामन्यात कडेला टॅब्लेट हातात घेऊन प्रत्येक ड्राइव्हनंतर कव्हरेज सांगणं. नुसता टोपी घालून उभा राहिला तर चार आठवडे फुकट.

मावशी_न्यूजर्सी:

सगळं वाचलं, छान चाललंय. पण इकडे आपली बरीच मुलं फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची) खेळतात, १२-१३ वर्षांची. तिथे ना फिल्म, ना कोऑर्डिनेटर. कोच म्हणजे कुणाचे तरी बाबा. यातलं त्यांना काय लागू?

ब्लिट्झ_बाबूराव:

मावशी, बरंचसं लागू, फक्त मापं लहान. एनएफएल फ्लॅगचे नियम धरून सांगतो. पाच विरुद्ध पाच, लाइनमन नाहीत, रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा) ७ यार्डांवरून निघतो आणि फेकायला ७ सेकंद. क्वार्टरबॅकला स्वतः चेंडू घेऊन पुढे पळता येत नाही. म्हणजे या वयातली चूक जवळजवळ नेहमी एकच: मुलगा लांबच्या पासची वाट बघत चेंडू धरून ठेवतो, रशर अंगावर आला की घाईत मध्येच फेकतो.

सामना संपल्यावर गाडीत खेळाचा विषय काढायचा नाही, आई-वडिलांनी तर मुळीच नाही. पुढच्या सरावाला कोचने पहिल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट सांगायची, तीही करून दाखवत. मोठ्याने मोजणं हा सगळ्यांत सोपा सराव. स्नॅपपासून कोच "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणतो, तीनला चेंडू हातातून सुटलेलाच पाहिजे, कुणी मोकळा नसेल तर जवळच्याच्या पायापाशी किंवा बाहेर. आधी रशर न ठेवता आठ-दहा वेळा, मग रशर अर्ध्या वेगाने, मग पूर्ण. थेट पूर्ण वेगाने सुरू केलं तर पोरं पुन्हा मागे-मागे पळायला लागतात, आणि मागे पळत फेकलेला पास या वयात हवेत लटकतो.

प्रत्येक प्लेमध्ये एक रिसीव्हर ५ यार्डांवर वळून क्वार्टरबॅककडे तोंड करून थांबलेला हवा. बहुतेक बाबा-कोच चारही जणांना लांब पळवतात आणि मग क्वार्टरबॅकवर ओरडतात!

तिसरा_डाऊन:

त्यात भर. प्ले कोणता, हे कधीकधी मुलालाच निवडू द्या. हरलेल्या सामन्यानंतर पुढच्या सामन्याचे पहिले तीन प्ले त्याने निवडायचे, कोचने बदलायचे नाहीत. मनगटाच्या पट्टीत घालायचं कार्ड करत असाल तर ८ ते १० प्लेंच्या वर जाऊ नका, प्रत्येकाचं छोटं चित्र आणि आकडा ठळक. पावसाची शक्यता असेल तर लॅमिनेट करून घ्या, शाई पसरली की ६ आणि ८ मध्ये गोंधळ होतो.

मावशी_न्यूजर्सी:

तीन मोजण्याचा आणि ५ यार्डांवाल्याचा निरोप बाबांपर्यंत पोचवते. कार्ड शनिवारच्या आत छापून घेते. धन्यवाद.